गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण मांडीत जोर का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन, लिगामेंटची किंवा गादीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, किंवा नुसताच मुरगळून पाणी भरलेला गुडघा, यांपैकी काहीही झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरं आहेत. फिजिओथेरपीच्या टेबलाशी रोज विचारले जाणारेच प्रश्न घेतले आहेत आणि ते विचारले जातात त्याच भाषेत ठेवले आहेत.

ऑपरेशन गुडघ्याचं, मग जोर मांडीतला का गेला?

पाय सरळ करणारा मांडीचा पुढचा मोठा स्नायू म्हणजे क्वाड्रिसेप्स. त्याला आकुंचन पावायचा हुकूम मज्जारज्जूतल्या चेतापेशी देतात आणि त्या पेशी फक्त मेंदूचं ऐकत नाहीत. त्वचा, स्नायू, स्नायूबंध आणि सांध्याभोवतीची पिशवी या सगळ्यांकडून त्यांच्याकडे सतत खबर येत असते. गुडघा सुजला की ती पिशवी ताणली जाते, तिच्यातली संवेदनांची टोकं एकसारखी संदेश पाठवत राहतात आणि मज्जारज्जूत मधल्यामध्ये क्वाड्रिसेप्सचा हुकूम दाबला जातो. तुम्ही मनापासून जोर लावता, मेंदू संदेशही पाठवतो, पण स्नायूपर्यंत त्याचा काही भागच पोचतो.

गुडघा बदलताना सर्जन वाटीच्या बाजूने आत शिरतात आणि तिथला स्नायूबंध थोडा कापावा लागतो, हेही खरं. पण दोन छोट्या भोकांतून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरही मांडी अशीच रुसते. त्यामुळे कापण्यावर सगळा दोष घालता येत नाही.

या प्रकाराला आर्थ्रोजेनिक मसल इनहिबिशन म्हणतात. फिजिओथेरपीच्या कागदावर त्याचं ‘एएमआय’ असं लघुरूप दिसलं तर घाबरू नका. हृदयविकाराच्या झटक्यालाही तेच लघुरूप वापरतात, आणि तेवढ्यावरून घरात रडारड झालेली आम्ही पाहिली आहे.

मांडी तर बारीक झालेली दिसते. म्हणजे स्नायू झिजलाच ना?

झिजतोही, पण सुरुवातीच्या आठवड्यांत झीज हा छोटा हिस्सा असतो. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या मिझनर, स्नायडर-मॅक्लर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली गुडघा बदललेल्या रुग्णांची मोजणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या आधीच्या तुलनेत साधारण चार आठवड्यांनी क्वाड्रिसेप्सची ताकद ६२ टक्क्यांनी उतरली होती. त्याच काळात स्नायूची जाडी जेमतेम १० टक्क्यांनी कमी झाली होती. स्नायूला स्वतःच्या इच्छेने जागं करण्याची क्षमता १७ टक्क्यांनी घटली होती आणि ताकद जाण्यात या घटीचा वाटा झिजेच्या जवळजवळ दुप्पट होता.

सोसायटीत नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही, वरचा व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का ते आधी बघतो. इथंही क्रम तोच. म्हणून पहिल्याच आठवड्यात पायाला वजनं बांधून व्यायाम करवून घेण्याची घाई आम्हाला पटत नाही. बंद असलेल्या स्नायूला वजन दिलं की पाय उचलण्याचं काम मांडीचा वरचा भाग आणि कंबर करून टाकतात, आणि क्वाड्रिसेप्स जिथं होता तिथंच राहतो.

पण मला आता फारसं दुखत नाही. दुखत नसताना स्नायू बंद कसा राहील?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण ‘दुखणं थांबलं की जोर येईल’ हा समज घराघरांत आहे आणि काही डॉक्टरांकडेही आहे.

१९६५ साली डी अँड्राडे, ग्रँट आणि डिक्सन यांनी गुडघ्यात द्रव सोडून दाखवलं की सांधा नुसता फुगला तरी क्वाड्रिसेप्सचं आकुंचन कमी होतं. १९८४ मध्ये स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुडघ्यांत थोडं थोडं सलाइन भरत नेलं. मांडीचा आतल्या बाजूचा, वाटीच्या वर फुगीर दिसणारा भाग २० ते ३० मिलिलिटरलाच मंदावला. बाहेरचा आणि मधला भाग ५० ते ६० मिलिलिटरला. या लोकांना ना दुखापत होती, ना ऑपरेशन. २० मिलिलिटर म्हणजे चार चमचे. एवढं पाणी गुडघ्यात असताना बरेच जण ‘सूज नाही हो आता’ असंच सांगतात.

इंग्लंडमध्ये स्टोक्स, यंग आणि शेक्सपिअर (हे वेगळे!) यांनी गादी काढलेल्या रुग्णांमध्ये वेदना आणि स्नायूचं बंद पडणं शेजारीशेजारी मोजलं, तेव्हा दोन्हींचा मेळ बसला नाही. वेदना ओसरली तरी स्नायू दबलेलाच होता. वेदनेनेही स्नायू दबतो, हे खरंच. पण ती गेली म्हणजे सूज, पिशवीचा ताण आणि स्नायूतली बिघडलेली खबरबात आपोआप जागेवर येते असं नाही. गोळ्या घेऊन दुखणं शांत झालंय आणि जिना उतरताना गुडघा अचानक दगा देतोय, ही तक्रार त्यातूनच येते.

घरचे म्हणतात मी कंटाळा करतो. हे मनाचं आहे का?

नाही. ‘आई, अगं जोर लाव ना!’ असं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून कितीही ओरडलं तरी मज्जारज्जूतली ही दाबणी त्या ओरडण्याने उठत नाही. भीतीने भर पडू शकते, पडण्याची धास्ती असेल तर पाय आखडतोच. पण मूळ गोष्ट प्रतिक्षिप्त क्रियेची आहे, इच्छाशक्तीची नाही. मुलासुनांनी हा एक परिच्छेद वाचला तरी पुरे.

माझा स्नायू बंद आहे की नुसता अशक्त, हे घरी कसं ओळखायचं?

पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली हाताच्या मनगटाएवढी टॉवेलची गुंडाळी ठेवा. आता गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबा आणि वाटीकडे बघा. चांगल्या पायाची वाटी मांडीच्या दिशेने सरकन वर जाते, आणि वाटीच्या आतल्या-वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं तर तिथला स्नायू दगडासारखा टणक लागतो. ऑपरेशनच्या पायाची वाटी जागची हलत नाही किंवा नुसती थरथरते. बोटाखाली कणकेचा गोळा दाबल्यासारखं मऊ लागतं, आणि जोर लावताना त्याच बाजूचा कुल्ला पलंगावरून उचलला जातो. कुल्ला उचलला गेला की समजा, दुसऱ्याच स्नायूने काम केलं.

दुसरी खूण: पाय सरळ ठेवून उचला. टाच वर आली पण गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला आणि कुणी हाताने पाय सरळ केला की तो पूर्ण सरळ होतो, तर सांधा मोकळा आहे आणि शेवटच्या टप्प्यात स्नायू कमी पडतोय. याला आम्ही ‘लॅग’ म्हणतो. हाताने सरळ करूनही होत नसेल तर सांधाच आखडलाय. त्याचा उपचार वेगळा, त्याबद्दल लवकर दाखवा.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. घेऊ का?

बरं वाटण्याला कारण आहे. साधारण ३० अंश वाकलेल्या स्थितीत सुजलेल्या गुडघ्यातला दाब सगळ्यांत कमी असतो. गंमत अशी की स्नायूची दाबणीही गुडघा थोडा वाकलेला असताना कमी आढळते. म्हणून व्यायामापुरती गुंडाळी घ्या, सरळ पायात स्नायू अजिबात जागा होत नसेल तर तिथूनच सुरुवात करा. पण रात्रभर उशी घेऊन झोपलात तर गुडघा त्याच वाकलेल्या जागी आखडतो, आणि मग तो सरळ करताना डोळ्यांत पाणी येतं. झोपताना, टीव्ही बघताना उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको.

बर्फ लावायचा की शेक घ्यायचा?

सुजलेल्या गुडघ्याला बर्फ. आपल्याकडे ‘थंडाव्याने सांधे धरतात’ म्हणून ज्येष्ठ मंडळी बर्फाच्या नावानेच दचकतात आणि गरम पाण्याची पिशवी काढतात. पण इथे बर्फाचं काम सूज उतरवण्यापुरतं नाही. २००२ साली हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांच्या गुडघ्यांत द्रव भरून मांडीचा आतला भाग मुद्दाम मंदावला आणि मग काहींना बर्फ, काहींना त्वचेवरून मंद विद्युत संवेदना दिली. दोन्हींनी ती दाबणी हलकी झाली. थंडाव्याची खबर गुडघ्याच्या तक्रारीच्या आड येते, असा त्याचा ढोबळ अर्थ.

त्यामुळे वेळ महत्त्वाची. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा आणि तो काढल्यावर लगेच मांडीचे व्यायाम करा. सकाळी व्यायाम आणि रात्री झोपताना बर्फ असं केलं तर सूज कमी व्हायला मदत होईल, पण स्नायूसाठी उघडलेली संधी वाया जाते.

एक सावधगिरी. गुडघा बदलल्यावर टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहणं अगदी नेहमीचं आहे. त्वचेची एक बारीक नस चिरेत कापली जाते. त्याने स्नायूची ताकद जात नाही, पण तिथं गरम-गार कळत नाही. त्या जागी गरम पिशवी ठेवून फोड आलेले पेशंट येतात, आणि ‘मला तर काहीच लागलं नाही’ असं सांगतात.

करंटच्या मशीनने ताकद येते का?

कुठलं मशीन, त्यावर अवलंबून आहे. फिजिओथेरपीच्या खोलीत वायर आणि चिकटपट्ट्या असलेली सगळी यंत्रं पेशंटच्या दृष्टीने ‘करंट’च असतात.

टेन्समध्ये त्वचेवर नुसत्या झिणझिण्या येतात, स्नायू आकुंचन पावत नाही. ते संवेदनेच्या बाजूने काम करतं, म्हणजे वेदना आणि दाबणी थोडी हलकी करतं. लावून ठेवून त्याच वेळी व्यायाम केला तर अर्थ आहे. लावून वीस मिनिटं मोबाइल बघत पडून राहिलात तर फारसा नाही.

एनएमईएस या दुसऱ्या प्रकारात स्नायू खरोखर आवळला जातो, वाटी वर सरकताना दिसते. मज्जारज्जूतली अडवणूक इथं बाजूला राहते, कारण स्नायूची नस थेट मांडीवरच चेतवली जाते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात स्टीव्हन्स-लॅपस्ली आणि सहकाऱ्यांनी गुडघा बदलल्यावर ४८ तासांनी हे सुरू केलं, दिवसातून दोनदा, दर वेळी १५ आकुंचनं, सहा आठवडे. २०१२ मध्ये त्यांनी कळवलं की नुसते व्यायाम केलेल्यांपेक्षा या गटाची ताकद आणि चालणं सुधारलं, आणि फरक वर्षानंतरही दिसत होता. मात्र करंट सोसवेल तेवढा जास्त ठेवावा लागतो. गुदगुल्या होतील एवढाच ठेवून ‘मशीन लावलं’ म्हणण्यात पैसे जातात, इतकंच. पेसमेकर असेल तर कुठलंही मशीन लावण्याआधी सांगा.

थोपटणं, ब्रश फिरवणं, त्वचेवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्या, नी-कॅप यांचा उपयोग होतो का?

स्नायूवर बोटांनी टकटक करत ‘इथं आवळा, इथं’ म्हणणं हे जुनं तंत्र आहे. त्वचेची आणि स्नायूची संवेदना वापरून हालचाल जागवण्यावर मार्गारेट रूड यांनी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर आपली पद्धतच उभी केली. परिणाम त्या क्षणापुरता असतो, पण पहिलं आकुंचन मिळवायला तो क्षण पुरतो. एकदा ‘हां, हे असं’ कळलं की पुढचं सोपं जातं.

रंगीत पट्ट्यांनी ताकद वाढत नाही. २०१५ मधल्या एका एकत्रित आढाव्यात निरोगी लोकांच्या ताकदीवर त्यांचा परिणाम नगण्य निघाला. नी-कॅपने गुडघा कुठं आहे याची जाणीव थोडी सुधारते, चालताना धीर येतो. घालायची तर घाला. रात्री काढा.

मांडीला तेल चोळून मालिश केली तर?

जखम भरल्यावर हलक्या हाताने चालेल. पोटरी मात्र ऑपरेशननंतरच्या दिवसांत कुणाकडूनही रगडून घेऊ नका. कारण शेवटून दुसऱ्या उत्तरात आहे.

भूल देताना नस बधिर केली होती. त्यानेच ताकद गेली का?

पहिल्या दिवशी, हो, असू शकतं. जांघेत फेमोरल नर्व्ह बधिर केली तर वेदनेबरोबर क्वाड्रिसेप्सही झोपतो आणि उठून चालताना पाय दुमडतो. म्हणून आता बरेच भूलतज्ज्ञ मांडीच्या मध्यावर, ॲडक्टर कॅनॉलमध्ये इंजेक्शन देतात. तिथून मुख्यतः संवेदनेच्या नसा पकडल्या जातात आणि स्नायूचा जोर बराच टिकतो. दोन्हींचा परिणाम एक-दोन दिवसांत उतरतो. चौथ्या आठवड्यातल्या अशक्तपणाचा दोष त्या इंजेक्शनवर सहसा जात नाही.

गुडघ्याकडून येणारी खबर दाबते, तर मग खबर येणंच बंद केलं तर ताकद वाढेल?

प्रश्न चतुर आहे. सुजलेल्या सांध्यात भुलीचं औषध सोडलं तर तेवढ्यापुरती दाबणी उतरते, हे दिसलेलं आहे. पण सगळीच संवेदना गेली तर उलटं होतं, कारण स्नायू स्वतःबद्दल जी खबर वर पाठवतो तिच्यावरच त्याचा हुकूम टिकून राहतो.

सिडनीत मेसफील्ड, गँडेव्हिया आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे थेट मोजलं. स्नायूकडून परत येणारी खबर नस बधिर करून तोडली आणि माणसाला पूर्ण जोर लावायला सांगितला. चेतापेशी दर सेकंदाला नेहमीपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी संदेश पाठवत होत्या. गुडघ्याचं मुख्य लिगामेंट तुटलेल्यांची मांडी वर्षभरानेही मागे का राहते, याचा एक धागा इथं आहे: स्नायूकडून मज्जारज्जूकडे आणि परत स्नायूकडे फिरणारं हे चक्र त्यांच्यात मंदावलेलं आढळतं.

टोकाचं उदाहरण इंग्लंडच्या इयन वॉटरमन यांचं. १९७१ मध्ये, १९ व्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालची स्पर्शाची आणि शरीर कुठं आहे याची जाणीव गेली. स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी त्यांना उठून बसताही येईना. पुढे एकेक हालचाल डोळ्यांनी बघून, विचार करून ते शिकले आणि चालू लागले. पण दिवे गेले की तोल जाई.

मला डायबेटीस आहे, पायांना मुंग्या येतात. माझ्या व्यायामात काही वेगळं?

बरंच. चालताना चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही, किंवा बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, यातलं काही होत असेल तर आधीच सांगा. पायांच्या नसांची संवेदना कमी झालेली असेल तर मांडीत ताकद आली तरी अंधारात पाय चुकेल. अशा पेशंटच्या व्यायामात तोल सांभाळण्याचे प्रकार लवकर घ्यावे लागतात, आणि तेही डोळे उघडे ठेवून, ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ उभं राहून. तळव्यावर १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने आणि घोट्यावर १२८ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने तपासणी होते. पाच मिनिटांचं काम आहे, करून घ्या.

बी१२ ही बघा. मांसाहार न करणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता आपल्याकडे फार आढळते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी बरीच वर्षं घेतल्यानेही बी१२ उतरतं. म्हणजे शाकाहारी, डायबेटीसवाले आणि गुडघा बदललेले असे तिन्ही असाल तर रक्ततपासणीला टाळाटाळ नको. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून.

चांगल्या पायाचे व्यायाम करून काय उपयोग?

आहे. एका बाजूच्या सरावाने दुसऱ्या बाजूची ताकदही थोडी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच दिसलं होतं. वाढ माफक असते. पण दुखरा पाय प्लास्टरमध्ये किंवा ब्रेसमध्ये असताना माफकही चालेल.

किती दिवसांत जोर येईल?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सूज किती आहे आणि वाटी हलते का, या दोन गोष्टींवर आम्ही पुढची पायरी ठरवतो. वाटी स्वच्छ वर जाते, मग लॅगशिवाय पाय उचलला जातो, मग खुर्चीतून उठणं, मग छोटी पायरी. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त फुगला तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक पायरी मागे या. लॅग असेपर्यंत वॉकर किंवा काठी सोडू नका, शेजारचे काका तिसऱ्या आठवड्यात विनाकाठीचे फिरायला लागले असले तरी.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

पोटरी एकाएकी सुजून टणक झाली आणि दुखतेय, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. ताप आणि लालभडक, गरम गुडघा असेल तर संसर्गाची शंका. पाऊल वर उचलताच येत नसेल, चालताना बोटं जमिनीला घासत असतील, तर ती या पानावर सांगितलेली दाबणी नव्हे, नसेला इजा असू शकते. आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा येऊन लघवी अडली तर गुडघा विसरा, मणक्यासाठी लगेच हॉस्पिटल गाठा.

फिजिओथेरपीला येताना काय आणायचं?

डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी, जुने शुगरचे आणि बी१२ चे रिपोर्ट. पुरुषांनी हाफ पँट, बायकांनी मांडीपर्यंत वर सरकणारी सैल सलवार किंवा गाउन. दोन्ही मांड्या शेजारीशेजारी दिसल्या नाहीत तर कुठला स्नायू जागा आहे आणि कुठला झोपलाय, हे नुसत्या हाताने चाचपून नीट कळत नाही.